चंद्राबाईंची शेकाची पिशवी

मित्रांनो, आंबवड्यात चंद्राबाईंच्या चुलीमागे खिळ्याला लटकलेली ती विटकी तांबडी रबरी पिशवी म्हणजे मी. पोटात गरम पाणी भरायचं, बूच आवळायचं आणि दुखऱ्या अंगाला शेक द्यायचा, एवढंच माझं काम. भोरच्या औषधाच्या दुकानातून मी आले तेव्हा आळीत माझ्यासारखी दुसरी नव्हती. त्यामुळे कंबर कुणाचीही धरो, निरोप चंद्राबाईंकडे. नेताना लोक गोड बोलत, परत द्यायला मात्र विसरत.

माझ्या कामाला एक लगाम होता. मी फार तापले की माणूस म्हणे, "बास, भाजतंय." लगेच मला उचलत. त्या एका शब्दाच्या भरवशावर माझा सगळा संसार चालला होता.

पुढे चंद्राबाईंचेच गुडघे झिजले. माझ्या शेकानं भागेना. गावातला झुलता पूल ओलांडून स्वतःच्या पायांनी पलीकडच्या देवळात जायचं, एवढ्या आशेवर दोन हजार तीन साली त्यांनी पुण्यात गुडघा बदलून घेतला. धाकटी जाऊ मंगल भेटीला निघाली आणि भाकरीच्या फडक्याखाली तिनं मला दडवलं.

दवाखान्यात बघते तर चंद्राबाईंच्या पाठीत एक बारीक नळी. तिच्यातून बधिर करणारं औषध थेंबथेंब जात होतं, म्हणून चिरलेल्या गुडघ्याची कळ त्यांना कळत नव्हती. सूज उतरावी म्हणून पायावर बर्फ ठेवला होता. मंगलच्या डोळ्यांत तो बर्फच खुपला.

"हाडावर बरफ ठेवत्यात व्हय?"

"डाक्टरांना कळतंय, मंगल," चंद्राबाई म्हणाल्या.

"वात धरला म्हंजे तुमाला कळंल, अक्का."

सिस्टर पलीकडच्या खाटेकडे वळली. मंगलनं बर्फ बाजूला सारला, कँटीनमधून चहाचं आधण आणून मला भरलं आणि गुडघ्याच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, सुजलेल्या पोटरीशी सरकवलं.

"ऊन लागतंय का?"

"न्हाई गं. गारच हाय जनू."

"मग गप पडा. मुरू द्या."

माझ्या पोटात आधण होतं. मला टेकलेली कातडी आधी लाल झाली, मग ओलसर लागू लागली. मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. चंद्राबाई मात्र म्हैस दूध चोरते का, याची चौकशी करत होत्या.

भूल देणारे डॉक्टर नळी तपासायला आले. त्यांनी पांघरूण उचललं, मला हात लागताच झटकन मागे घेतला.

"हे कुणी ठेवलं?"

"त्यांना तर काईच लागंना, डॉक्टरसाहेब," मंगल म्हणाली.

"लागणार कसं? या औषधानं दुखणं कळत नाही, तसं भाजणंही कळत नाही."

पोटरीवर मोठा फोड आला होता. तो चिघळला आणि जंतू नव्या सांध्यापर्यंत गेले, तर सांधा काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नळी काढल्यावर तर गुडघ्यापेक्षा पोटरीच जास्त बोंबलू लागली. पाय हलवायला सांगितलं की चंद्राबाई डोळे मिटून घेत. मंगल खाटेच्या पायथ्याशी बसून राही.

"लई शेकलंस गं मला," चंद्राबाई हसून म्हणाल्या. मंगल हसली नाही.

सांधा वाचला. पण गुडघा वाकवण्याच्या व्यायामाचे दिवस वाया गेले, तो पुरता वाकेना. चंद्राबाई काठी टेकत झुलत्या पुलापर्यंत जातात, पलीकडचं देऊळ बघतात आणि तिथूनच हात जोडतात. "पूल हलतो," असं सांगतात.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण ज्याला शेक द्यायचा त्याच्या अंगाला ऊन-गार कळतंय का, ते आधी बघा. आणि डॉक्टरांनी बर्फ सांगितला असेल, तर मला खिळ्यावरच राहू द्या. मला राग येत नाही.

आता आळीत कुणाची कंबर धरली की मंगलच मला भरते. फडक्यात गुंडाळून आधी स्वतःच्या गालाला लावते. इतका वेळ लावते, की दुखणाऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर मी निवून गेलेली असते. लोक कुरकुरतात. चंद्राबाई आतून म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. कोमटच बरी."