हवालदाराच्या गोळ्या

श्यामअण्णा आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची करतात ती सेवा हा पालीच्या बाजारात कौतुकाचा विषय होता. कुणी तोंडावर वाखाणलं की अण्णा मान खाली घालून ऐकून घेत. दुसरं काय करणार? खरं कारण सांगायची सोय नव्हती.

अण्णांची बायको लीलाकाकू वारल्या तेव्हा मुलगा गंधार म्हणाला होता, "बाबा, आता इथे एकटे राहू नका. ठाण्याला चला." अण्णांना ठाण्याला जायचं नव्हतं. पण तीस वर्षं कचेरीत कारकुनी केलेला माणूस सरळ नाही म्हणेल तर शपथ! ते म्हणाले, "हवालदार आहे तोवर मला हलता येणार नाही." हवालदार म्हणजे हा कुत्रा. आंब्याच्या बागेतून माकडं पिटाळायचा, म्हणून हे नाव. गंधारने लगेच मान्य केलं. "ठीक आहे. तो असेपर्यंत राहा."

हवालदार तेव्हा अकरा वर्षांचा होता. आपण काय बोलून बसलो ते अण्णांना दुसऱ्या दिवशी कळलं आणि सेवा सुरू झाली. सकाळी मऊ पेज, दुपारी काटे काढलेला बांगडा, संध्याकाळी पायांना कोमट तेल. सांध्यांच्या गोळ्या गंधार दर महिन्याला ठाण्याहून न चुकता पाठवी. बागेत कामाला येणारी चिमा म्हणे, "अण्णा, आमच्या म्हाताऱ्याला मी कदी आसा भरवला नाय!"

गेल्या गणपतीत तर अण्णांनी देवापुढे गाऱ्हाणंच घातलं. "बा गजानना, आमच्या हवालदाराला उदंड आयुष्य दे रे म्हाराजा!" जमलेले सगळे हसत हसत "व्हय म्हाराजा!" म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज गंधारचा होता. पोराची माया बघून अण्णांनी त्याच्या हातावर एक मोदक जास्तीचा ठेवला.

ज्याच्यासाठी ही धावपळ, तो स्वतः मात्र निवांत होता. डोळे गेले होते. पडवीच्या खांबाला डोकं आपटलं की तो वळून पुढे जाई, खांबावर राग धरत नसे. माकडं आली तर शेपूट एकदा जमिनीवर आपटी आणि कामावर हजर असल्याचं दाखवी. गोळी नको असली की तोंड मिटून घेई. का नको, हे तो कुणाला सांगत बसत नसे. अण्णांना त्याचा हेवा वाटे.

माघात एका दुपारी अण्णा बांगडा घेऊन अंगणात आले, तर उन्हात झोपलेला हवालदार उठलाच नाही. चिमाने आणि अण्णांनी त्याला रायवळ आंब्याखाली पुरलं. अण्णा ढसाढसा रडले. त्यातलं कुत्र्यासाठी किती आणि ठाण्यापायी किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी फोन करायच्या आधी त्यांनी कारणं जुळवून ठेवली: मोहोर आलाय, फवारणी राहिलीय, विहिरीचा पंप बिघडलाय. मग पडवीतल्या हवालदाराच्या रिकाम्या गोणपाटाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या गोणपाटावर पडून कुणी कधी एक कारण दिलं नव्हतं.

"गंधार, हवालदार गेला," ते म्हणाले. "आणि मी ठाण्याला येणार नाही. मला यायचं नाही."

आता पोरगा रडेल, रागावेल, बायकोला फोनवर आणेल, म्हणून अण्णा खुर्चीत नीट सावरून बसले.

"बरं, बाबा," गंधार म्हणाला. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस सोडतो तसा सुस्कारा अण्णांना स्पष्ट ऐकू आला. "तुमचीच इच्छा नसेल तर मी तरी काय करणार?"

दुपारी कुरिअरवाला आला. गंधारने चार दिवसांपूर्वीच पाठवलेलं पुडकं होतं. या खेपेला तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या आणि वर त्याच्या हातची चिठ्ठी: 'बाबा, एकही चुकवू नका.'

अण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली. तीन वर्षं बाप आणि लेक, दोघंही त्या एका कुत्र्याच्या जिवावर तगून होते. अण्णांना फार वाईट वाटलं आणि हसूही आलं.

गोळ्या त्यांनी गोणपाटावर ठेवल्या.

"व्हय म्हाराजा," ते हळूच म्हणाले.