पचलेला प्रयोग

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कृषी विद्याशाखेने ठराव केला: ज्या विद्यार्थ्याने हाती बंदूक घेतली त्याला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे सहा क्रेडिट न करताच मिळतील, वर 'उत्तम' असा शेराही. कोणाच्या बाजूची बंदूक, हे ठरावात लिहिलं नव्हतं. आम्ही लष्कराच्या ताब्यातल्या पोर्ट सुदानात बसलो होतो, तेव्हा ते लिहायची गरजही नव्हती.

लढाईत मदनी शहरातली आमची इमारत गेल्यापासून विद्याशाखा मुलींच्या शाळेतल्या दोन वर्गांत थाटली होती. डीन मक्कावी पाचवीच्या बाकावर बसून पदव्या वाटत. मी परीक्षा विभागाचा कारकून. शिक्का माझ्याकडे आणि अक्कल साहेबांकडे, अशी आमची जुनी वाटणी.

इज्लाल बाबिकर त्या दिवशी तोंडी परीक्षेला आली. तिचं बाकी सगळं पुरं होतं, घोडं अडलं होतं ते याच सहा क्रेडिटवर. ते मिळाले तर पदवी, आणि पदवी मिळाली तर कसला शहरातल्या बियाणे केंद्रातली नोकरी. केंद्राने महिनाअखेरपर्यंतच जागा राखून ठेवली होती.

डीनसाहेबांनी अहवाल चाळला. "उत्पादनाचं वजन कुठंय?"

"केलंच नाही, डॉक्टर."

"का?"

"लोकांनी खाल्लं."

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. अत्ता यांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांना नव्हे, कानांना त्रास झाल्यासारखा चेहरा होता.

प्रयोग ज्वारीच्या चार वाणांचा होता. कणसं भरली आणि त्याच आठवड्यात लढाई मदनीच्या वेशीवर आली. खार्तूमहून पळून आलेली कुटुंबं शेतावरच्या गोदामात राहत होती, त्यांच्या चुली थंड पडल्या होत्या. बाजार बंद झाला होता.

"मग त्यांनी रानात घुसून चोरी केली म्हण की," डॉ. अत्ता म्हणाले.

"चोरी कशाची? विळे मीच वाटले."

"म्हणजे विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे प्रयोग नष्ट झाला."

"नष्ट कुठं झाला, सर? चांगला पचला. वाळक्या भेंडीच्या कालवणाबरोबर त्याच ज्वारीच्या पिठाची घट्ट असीदा केली बायकांनी. मीही जेवले."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. कारकुनाने साहेबासमोर हसू नये.

डीनसाहेबांना मात्र एकदम माया आली. त्यांना माया आली की मला धास्ती वाटते. "हे बघ पोरी, आधीच्या हंगामाची सरासरी घे. एका वाफ्यात दोन किलो वाढव, दुसऱ्यात दोन कमी कर. आता तिथं जाऊन कोण तोलणार आहे? उद्या आण, सहीच करतो."

"म्हणजे बंदुकीला सहा क्रेडिट, थापेला सहा, आणि जेवू घातलं तर शून्य?"

"आवाज खाली!"

"मग नापास करा ना. पण कारण लिहा."

डीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नियम आहे, साहेब. नापासाखाली कारण आणि दोघांच्या सह्या. तुम्हीच केलेला."

तिने कारणही सांगून टाकलं: "विद्यार्थिनीने प्रयोगाची ज्वारी उपाशी लोकांना कापू दिली. एवढंच लिहा, जास्त नको."

पेन डॉ. अत्तांकडे गेलं. ते म्हणाले, मी पाहुणा, पहिली सही यजमानाची. डीनसाहेब म्हणाले, छे, पहिला मान पाहुण्याचा. इतकी अदब मी लग्नातसुद्धा पाहिलेली नाही. खोटे आकडे आले असते तर दोघांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या असत्या. खरं वाक्य समोर आलं तेव्हा मात्र दोघांची बोटं आखडली.

"उद्या हा कागद कोणी पेपरात छापला तर?" डॉ. अत्ता पुटपुटले.

शेवटी डीनसाहेबांनी 'काठावर उत्तीर्ण' असं लिहिलं. उत्तीर्ण व्हायला कारण लागत नाही. दोन्ही सह्या पटकन झाल्या, मी शिक्का मारला.

"घे," डीनसाहेब म्हणाले. "आता तरी हस. विद्याशाखेचे उपकार मान."

इज्लालने कागद सावकाश वाचला. "माझ्या वर्गातल्या, बंदूक घेऊन गेलेल्या सादिकनं कधी एक रोप लावलं नाही. त्याला 'उत्तम'. आणि मला 'काठावर'?"

"अगं, मिळाली ना पदवी? जा की कसल्याला!"

"जाणारच आहे." ती माझ्याकडे वळली. "बशीरकाका, शेरा बदलून मागायचा अर्ज कोणाच्या नावे करायचा?"

डीनसाहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी तिला कोरा कागद दिला.

"डीनसाहेबांच्याच नावे," मी म्हणालो, आणि त्यांच्या समोरचा बाक तिच्यासाठी ओढला.