रस्ता सांगणारी बाई

मित्रांनो, मी मोटारीच्या काचेला चिकटून रस्ता सांगणारी एक जुनी मशीन आहे. सध्या माझा मुक्काम गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका घरात, शिवणयंत्राच्या खणात आहे. शेजारी एक बोथट कात्री आहे आणि दोन-चार रिकाम्या बॉबिन. मला आता कुणी रस्ता विचारत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी नवी गाडी आली असेल आणि असली मशीन घ्यावी की घेऊ नये यावर घरात खल चालला असेल, तर आधी माझी हकिकत ऐका. मी दुकानदाराची बाजू घेणार नाही, आणि स्वतःची निंदाही करणार नाही. ती करायला बाकीचे पुष्कळ आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आकाशातल्या उपग्रहांचे इशारे ऐकून आपण जमिनीवर कुठे आहोत ते ओळखायचं, एवढी एकच विद्या मला शिकवली गेली. मग माझ्या पोटात हिंदुस्थानचा नकाशा भरला. मोठ्या शहरांचे गल्लीबोळ कोंबून कोंबून भरले. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला मात्र चार-दोन रेघा आल्या आणि बाकी सगळा नुसता हिरवा रंग. जंगलात कोण कुणाला रस्ता विचारणार, असं भरणाऱ्याला वाटलं असावं. शेवटी मला एका बाईचा आवाज दिला, अगदी शुद्ध हिंदीतला. ती बाई कोण, कुठली, हे मला आजही ठाऊक नाही.

नागपूरच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसून होते. दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यात अल्ताफ नावाचा तरुण मला घ्यायला आला. तो जवळच मोबाइल दुरुस्तीचं काम करत असे. मला घेताना तो खूश दिसत नव्हता. दुकानदारानं माझे सतरा गुण सांगितले, पण अल्ताफनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की माणूस कुठेही असला तरी एक बटण दाबल्यावर ही त्याला घरी आणते ना? दुकानदार म्हणाला, डोळे मिटून. तेव्हा मला त्याच्या त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता.

अल्ताफचे वडील म्हणजे बाबूभाई. वडशाच्या रेल्वे स्टेशनाबाहेर त्यांची जीप उभी असे. गाडीतून उतरलेले लोक घेऊन ते कुरखेड्याकडे जात, आणि दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले, की नाटकवाल्या कलाकारांना गावोगाव पोचवत. त्या भागातली प्रत्येक वाट त्यांना तोंडपाठ होती. तरीही त्यांची एक खोड होती. कुठलाही फाटा आला, की जीप थांबवायची, काच खाली करायची आणि विचारायचं, "काऊन गा, हा रस्ता कुठी जाते?" लोक हसत. तुमाले नाई माहीत का, म्हणत. मग पाच मिनिटं गप्पा होत. कुणाची लेक बाळंत झाली, कुठल्या नाल्याला पाणी आहे, कुणाची औषधाची पुडी पुढच्या गावी द्यायची आहे, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या निमित्तानं कळे. कुरखेड्याच्या वाटेवरच्या एका फाट्यावर गिरजाबाईंची चहाची टपरी होती. बाबूभाईंनी रस्ता विचारला नाही असा दिवस गेला, तर त्या रुसत.

हे सगळं मी आल्यावर कानांनी ऐकलेलं. मी येण्याआधीच्या हिवाळ्यात मात्र एक विपरीत घडलं होतं. बाबूभाईंनी एका नाटक कंपनीच्या नायक-नायिकेला जीपमध्ये घेतलं आणि ज्या गावी न्यायचं होतं तिथे न नेता, मागच्या साली जिथे नेलं होतं त्या गावी नेऊन सोडलं. इकडे मांडव भरून लोक ताटकळले, तिकडे नायक रंग लावून रिकाम्या शेतात उभा. वडशात चार दिवस हशा झाला. बाबूभाईही हसले. पण त्यांच्या बायकोला, हाजराबींना, हसू आलं नाही. त्याआधी दोनदा त्यांनी आपल्या नवऱ्याला स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी जीप थांबवून इकडे-तिकडे बघत बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी नवऱ्याला नागपूरला दाखवायला नेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणारा. जीप बंद करा. अल्ताफही तेच म्हणाला. पण हाजराबींना ठाऊक होतं, की या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं तर तो खाटेवर बसून महिन्याभरात वाळून जाईल. त्यांनी मुलाला गळ घातली. नुसत्या कुरखेड्याच्या सरळ रस्त्यावर चालवू दे, आणि घरी आणणारं काहीतरी बघ. ते काहीतरी म्हणजे मी. आजाराचं गल्लीत कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या दिवशी मी जीपमध्ये बोलायला लागले तेव्हा हाजराबी पुढच्या सीटवर होत्या. "आगे से दाएँ मुड़ें," मी म्हणाले. त्यांनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षं मी सांगते तिकडे हा माणूस कधी वळला नाही, आणि या बाईचं कसं मुकाट ऐकतो, असं त्या म्हणाल्या. बाबूभाई खो खो हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'बाई' पडलं. स्टेशनावरचे बाकीचे ड्रायव्हर मला बघायला आले. बाबूभाई काचेवरची धूळ झटकायच्या आधी माझी पुसत. इतकं कौतुक पुढे मला कधी मिळालं नाही.

आणि मी काम चोख केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. सकाळी कुरखेडा, संध्याकाळी घर. हाजराबी दाराशी उभ्या असत. जीपचा हॉर्न ऐकू आला, की आत जात, जणू वाट बघतच नव्हत्या. असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुढचा पावसाळाही गेला.

पण एक गोष्ट हळूहळू बंद पडली. बाबूभाई काच खाली करेनासे झाले. रस्ता येत होता तेव्हा विचारण्यात त्यांना गंमत वाटे. आता खरोखर आठवेना, तेव्हा विचारण्याची भीती वाटू लागली. समोरच्याचं नाव ओठावर आलं नाही तर? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्या? त्यापेक्षा बाई सांगतेच आहे. मग गिरजाबाईंच्या टपरीवरून जीप थेट निघून जाऊ लागली. सुरुवातीला त्या हात करत. नंतर त्यांनी तोही बंद केला. मशीन आली, तवापासून बाबूभाई मोठे झाले, असं त्या गिऱ्हाइकांना म्हणत.

तो दिवस जानेवारीतला होता. कडाक्याची थंडी होती. दुपारी बाबूभाईंनी संघप्रिया नावाच्या नर्सला कुरखेड्याला सोडलं. ती शाळेत होती तेव्हापासून त्यांच्याच जीपनं जायची. त्या दिवशी त्यांनी तिला वाटेत दोनदा विचारलं, तू कोणाची पोरगी? दोन्ही वेळा तिनं सांगितलं. उतरल्यावर ती दाराशीच थांबली.

"बाबूभाई, बराबर जाल न घरी?" ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे बाई नेते न मले."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं. माझ्यावर तिचाही विश्वास होता.

घराचं बटण दाबून आम्ही निघालो. जीपमध्ये दुसरं कुणी नव्हतं. गिरजाबाईंच्या टपरीचा फाटा आला. सरळ वडसा, डावीकडे आरमोरीचा जंगलातला रस्ता. मी म्हणाले, सीधे चलते रहें. बाबूभाईंनी गाडी हळू केली आणि डावीकडे बराच वेळ बघितलं. त्यांचं लहानपण सावलीकडच्या, वैनगंगेच्या काठच्या एका गावात गेलं होतं. आई तिथेच वारली, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. बाबूभाई स्वतःशीच घरच्या बोलीत पुटपुटले, "अम्मी राह देख रही होगी." आणि त्यांनी जीप डावीकडे वळवली.

मी सांगितलं, वापस मुड़ें. पुन्हा सांगितलं. मित्रांनो, माझ्याजवळ हात असते तर मी स्टिअरिंग धरलं असतं. तेवढं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते मी न थकता म्हणत राहिले. काही वेळानं त्यांनी गाडी बाजूला घेतली. ते रागावले नव्हते. पाहुण्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, माहं घर नाई माहीत तुमाले." मग माझी वायर काढली, मला काचेवरून सोडवलं आणि समोरच्या खणात ठेवून झाकण लावलं. पुढचं मी पाहिलं नाही, मागाहून ऐकलं.

संध्याकाळी हॉर्न वाजला नाही. हाजराबी दारातून हलल्या नाहीत. अल्ताफ रात्रीच नागपूरहून निघाला. सगळ्यांनी कुरखेड्याचाच रस्ता धुंडाळला, कारण मशीन असताना माणूस रस्ता सोडेल कसा? बिघाड झाला असेल, कुठे कलंडली असेल, असंच ज्याला त्याला वाटलं. सकाळी गिरजाबाईंनी टपरी उघडली तेव्हा त्यांच्याकडून कळलं, की जीप डावीकडे गेली. मग अल्ताफ त्या रस्त्याला लागला आणि गावागावांत विचारत सुटला. बाबूभाईंना सगळेच ओळखत. पण जीप गेल्याचं कुणालाच सांगता येईना. काचा वर करून, कुणाशी न बोलता किती तरी गाड्या जातात, त्यातली बाबूभाईंची कोणती? आधीचे दिवस असते तर चौथ्या गावापर्यंत माग लागला असता. इथे त्यांनी पाणी प्यायलं, तिथे रस्ता विचारला, अमक्याशी बोलले, असं कुणीतरी सांगितलंच असतं.

तिसऱ्या दिवशी बांबू तोडणाऱ्या लोकांना जीप दिसली. लाकडाचे ट्रक जातात त्या आडवाटेवर डिझेल संपून ती थांबली होती. थोडं पुढे, एका नाल्याच्या काठी, मोहाच्या झाडाला टेकून बाबूभाई बसले होते. थंडीनं त्यांचा प्राण घेतला होता. त्यांच्या चपला झाडापासून चार हात अलीकडे शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, दाराबाहेर काढून आत गेल्यासारख्या.

अल्ताफनं डिझेल आणवलं. वडिलांना दुसऱ्या गाडीत ठेवलं आणि जीप घरी न्यायला तो स्वतः बसला. खणात मी सापडले. सवयीनं त्यानं वायर लावली. तीन दिवसांपूर्वी अर्धवट तुटलेलं माझं वाक्य मी पुरं केलं, "जहाँ से हो सके, वापस मुड़ें." मला दुसरं काही येत नव्हतं. अल्ताफनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा ढसाढसा रडला. बाहेर उभ्या लोकांपैकी कुणीही त्याला उगी म्हटलं नाही.

दफन झाल्यावर काही दिवसांनी गिरजाबाई एसटीनं वडशाला आल्या. तोवर मला या खणात टाकलं होतं, पण खण नीट लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येतं आणि फटीतून थोडं दिसतंही. त्या हाजराबींजवळ येऊन बसल्या. मग गिरजाबाई म्हणाल्या, "मी त्याईले वळतानी पाहिलं, तरी थांबवलं नाई."

त्यांनी हाजराबींचा हात धरला.

"आधी असतं तं मी आडवी झाली असती. हा वडशाचा रस्ता नाई, बाबूभाई, म्हणून हाक मारली असती. पण मनात आलं, मशीन सांगत असल. मशीनीले मी अडाणी बाई काय टोकू?"

मित्रांनो, त्या वेळी मी खणात ओरडले असते, जर वीज असती. मी सांगत नव्हते. मी उलटंच सांगत होते. त्या फाट्यावर काचेच्या आत मी होते आणि बाहेर गिरजाबाई होत्या. खरा रस्ता दोघींना माहीत होता. माझं बाबूभाईंनी ऐकलं नाही, आणि गिरजाबाई माझ्यावर भरवसा ठेवून गप्प राहिल्या.

"तुह्यी चूक नाई," हाजराबी शेवटी म्हणाल्या. "मीनं तं आख्ख्या गावापासून लपवलं. तुले माहीत असतं, तं तू त्याले चहा पाजून बसवून ठेवलं असतं." मग त्या रडल्या. नवरा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच मोकळेपणी रडल्या, आणि गिरजाबाईंनी त्यांचा हात सोडला नाही.

परवा शेजारच्या मुबीननं नवी गाडी घेतली. तो अल्ताफला विचारायला आला, की असली मशीन घेण्यात अर्थ आहे का, पैसे पाण्यात तर जाणार नाहीत? अल्ताफनं खण उघडून मला हातात घेतलं, अंगठ्यानं काच पुसली. म्हणाला, घे. रस्ता बरोबर सांगते, कधी खोटं बोलत नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हिच्या भरवशावर एकटं सोडू नको. एवढं बोलून त्यानं मला परत ठेवलं.

मी त्याहून वेगळं काय सांगणार? मला घ्या, माझी धूळ पुसा, माझं ऐकाही. पण वाटेत गाव लागलं, की काच खाली करा आणि रस्ता येत असला तरी कुणाला तरी विचारा. आणि घरातलं कुणी विसरू लागलं, तर ती गोष्ट लाजेखातर माझ्यासारख्या मशीनमागे झाकू नका. शेजाऱ्याला सांगा, चहावाल्या बाईला सांगा. परत फिरा, असं मी दिवसभर म्हणू शकते. पण जंगलाकडे वळणाऱ्या माणसाला "ओ बाबूभाई, कुठी चालले?" अशी हाक मारणं मला कुणी शिकवलं नाही.