चढावर वाजणारी शिट्टी

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो, गुन्हेगार मीच! मी डिझेल गाडीच्या इंजिनाखालचा एक जुना रबरी पाईप आहे, रंगाने काळा, अंगाने ओशट आणि टोकाजवळ फाटलेला. पण माझी गोष्ट ऐकाल तर तुम्हीही टाळी द्याल.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा काय रुबाब होता माझा! काम एकच. टर्बो नावाचा पंखा भिंगरीसारखा फिरून हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा मी इंजिनाकडे पोचवतो. हवा भरपूर, तर ताकद भरपूर. नऊ वर्षं मी एक फुंकरही वाया जाऊ दिली नाही. कौतुक कुणी केलं नाही म्हणा. लोक हेडलाइट पुसतात, पाईप कोण पुसतो? मग एका सर्व्हिसिंगला मला धरून ठेवणारी पट्टी कुणीतरी काढली आणि परत लावायलाच विसरला. तेव्हापासून मी एका लोखंडी कडेला घासू लागलो आणि घासता घासता टोकाजवळ फाटलो.

गंमत अशी, की गाडी उभी असली की माझी चीर मिटलेली असे. चढ आला, गाडीच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, ॲक्सिलरेटर दाबला, की हवेच्या जोराने ती उघडे आणि निम्मी हवा बाहेर! गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटे, इंजिनाचं काहीतरी बिनसलं. तो ताबडतोब ताकद कापून टाकी. मेकॅनिक याला लिम्प मोड म्हणतात, म्हणजे गाडीचं लंगडणं. मागून ट्रक भोंगे वाजवत आणि आम्ही आपले गोगलगाईच्या चालीने पुढे. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की परत शहाण्यासारखी चाले.

आणि चढ तर टाळता येत नव्हता. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, दुपारी दोन वाजता, त्यांना टेकडीवरच्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागे. उशीर झाला तर पुढचा पेशंट थांबलेला, म्हणून काकूंचा तेवढा वेळ कापला जाई. लागोपाठ दोन वेळा तो कापला गेला आणि त्यांच्या पायांवर सूज आली. मला फार अपराधी वाटे. पण पाईपाला तोंडं दोन असली तरी बोलता कुठे येतं!

एका गॅरेजने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने बिचारा सेन्सर काढून फेकला. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिसरं गॅरेज टेकडीच्या पायथ्याशीच होतं. तिथे आम्ही बारा वाजता पोचलो. मेकॅनिकताईंनी स्कॅनर जोडला, उभ्या गाडीत इंजिन रेस करून पाहिलं. सगळं ठणठणीत.

"टर्बोच असणार, काका. उतरवावा लागेल. चार दिवस गाडी सोडा."

काका मटकन बाकावर बसले. म्हणजे आजची आणि परवाची, दोन्ही फेऱ्या बुडणार.

तेवढ्यात मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "अगं पोरी, डॉक्टरसमोर माझंही सगळं बरंच असतं. दुखतं ते जिना चढताना. तू चढावर चल की आमच्याबरोबर!"

ताई स्कॅनर घेऊन काकांच्या शेजारी येऊन बसल्या.

चढ लागला. काकांनी नेहमीप्रमाणे रेडिओ मोठा केला. ताई आकडे वाचू लागल्या, कॉम्प्युटर हवा मागतोय किती आणि मिळतेय किती. दोन्हींतलं अंतर वाढतच चाललं!

"काका, तो रेडिओ बंद करा जरा."

"हिला लागतो हो गाडीत."

"मला?" काकू उसळल्या. "अहो, तुम्हाला आवडतो म्हणून मी दोन वर्षं डोकं धरून बसलेय!"

रेडिओ बंद झाला आणि मित्रांनो, माझी शिट्टी गाडीभर ऐकू आली. सुंईईई! मी जिवाच्या आकांताने वाजलो. ताई ओरडल्या, "टर्बो नाही, पाईप फुटलाय!" गाडी लंगडायला लागली, पण या वेळी कुणाचंच तोंड पडलं नाही.

गॅरेजात परतलो तेव्हा एक वाजला होता. ताईंनी खालून हात घातला आणि त्यांचं बोट थेट माझ्या चिरेत! नवा पाईप दुसऱ्या दिवशी मिळणार होता. म्हणून त्यांनी माझं फाटकं टोक दोन बोटांएवढं कापलं, मला ओढून पुन्हा बसवलं आणि क्लिप घट्ट आवळली.

"आजच्यापुरता टिक रे बाबा," त्या म्हणाल्या. चक्क मला!

मग पुन्हा तोच चढ. हवेचा लोंढा आला आणि मी छाती फुगवून उभा राहिलो. सुटलो तर सगळंच संपलं! एक ट्रक मागे टाकला, दुसराही टाकला. "अगं, बघ, बघ कशी पळतेय!" काका लहान मुलासारखे ओरडत होते.

"आधी रस्त्याकडे बघा!" काकू म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

दोनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. त्या दिवशी काकूंना मशीनवर पूर्ण चार तास मिळाले.

आता गाडीत नवा पाईप आहे. मी आणि माझं कापलेलं टोक ताईंच्या फळीवर शेजारी शेजारी असतो. मित्रांनो, सर्व्हिसिंगला गाडीच्या खालूनही एकदा हात फिरवायला सांगा. आणि माणसांचं म्हणाल, तर चढावर दमणाऱ्याला सपाटीवर "बरं आहे ना?" एवढंच विचारून सोडू नका. चार पावलं त्याच्याबरोबर चढ चढा.