अकरा सेकंदांची कडी

समितीने एकही खून कापला नाही.

अठरा खून होते. त्यातले सहा मी निव्वळ चारा म्हणून टाकले होते. माझा संकलक, ज्याला सगळे कात्री म्हणतात, त्याची ही जुनी शिकवण. सेन्सॉरवाल्यांना काहीतरी कापायचंच असतं, नाहीतर दिवस फुकट गेल्यासारखं वाटतं त्यांना. म्हणून कापण्याजोगं आपणच ताटात वाढून ठेवायचं, म्हणजे खऱ्या मालाला हात लागत नाही. त्याचं ऐकून मी शिवणयंत्राखाली बोटं घातली, इस्त्रीने गाल भाजले आणि एका काकाला पाण्याच्या टाकीत तीन मिनिटं बुडवत ठेवलं. तीन मिनिटं. मलाच बघताना जांभया यायच्या.

समितीचे पाच जण ते सगळं चहा पीत बघत बसले. दिवे लागले. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते. बोलण्याआधी अजूनही खडूची बोटं झटकल्यासारखं करायचे.

"हिंसेबद्दल आमचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "प्रौढांसाठी आहे, भयपट आहे, चालायचंच. एकच दृश्य काढा. ती आई कडी लावते ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

ते दृश्य अकरा सेकंदांचं. रक्ताचा थेंब नाही. चित्रपटभर एक भूत त्या घरातल्या माणसांना एकेक करून मारतं. भूत म्हणजे बापाच्या मारात बंद खोलीत मेलेली नऊ वर्षांची मुलगी. दार बापानेच लावलं, असं सगळे धरून चालतात. अगदी शेवटी कळतं की बाप तर खोलीच्या आत होता आणि कडी बाहेरून होती. मग कॅमेरा पहिल्यांदा दाराबाहेर येतो. एक बाई, कडेवर तान्हं मूल. ती मोकळ्या हाताने कडी लावते आणि दाराला पाठ टेकून उभी राहते. बस. एवढ्यासाठी सगळा चित्रपट.

"आई असं करत नाही," समितीतल्या जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

"किती जणींना विचारलंत?"

"मी स्वतः दोन मुलांची आई आहे."

"मग तुम्ही नाही केलं. बरं झालं."

माझ्या मागे बसलेला निर्माता खाकरला. सेटवर मला कैदाशीण म्हणतात, ते नाव त्यानेच पाडलेलं.

अध्यक्षांनी पुन्हा बोटं झटकली. "हे बघा, आम्ही अडवायला बसलेलो नाही. दृश्य ठेवायचं असेल तर ठेवा. एक शब्द घाला फक्त. आधी कुठेतरी कुणाच्या तरी तोंडी येऊ द्या की ती सावत्र आहे. मग आमची हरकत नाही."

"झालं की मग," निर्माता म्हणाला.

"सावत्र नव्हती ती."

"कोण नव्हती?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"चित्रपटातली."

कपबशीचा आवाज झाला.

"आणि कडीचा आवाज?" मी विचारलं. खरं तर चिडून विचारलं, डोक्यात काही नव्हतं. "तोही तुमच्या डोळ्यांत खुपतो का?"

"आवाजाला काय होतंय?" अध्यक्ष म्हणाले. "दिसलं नाही म्हणजे झालं."

"लिहून द्या."

त्यांनी दिलं. मास्तर माणूस, अक्षर छान होतं.

संकलनाच्या खोलीत निर्माता माझ्यामागे येऊन उभा राहिला. ती खोली म्हणजे दोन पडदे, तीन खुर्च्या आणि एक खिडकी, जिला कात्रीने आतून काळा कागद चिकटवलेला.

"सावत्र कर," निर्माता म्हणाला. "लोकांना सावत्र आई आवडते. घरी जाऊन झोप लागते त्यांना. सख्खी दाखवलीस की प्रत्येक जण आपल्या आईकडे बघत बसणार."

"बघू दे."

"तुझं काय जातंय एका शब्दाने?"

"आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना," कात्री पडद्याकडे बघत म्हणाला, "आणि सेन्सॉर म्हणतंय, मग आईच बदला. सोपं आहे."

"तू बोलू नकोस. तुझ्याच चाऱ्याने आपण इथे आलो." निर्माता दाराकडे वळला. "उद्या दुपारपर्यंत सांग. सावत्र नाहीतर सफाचट."

कात्रीला मी कधी काही सांगितलेलं नव्हतं. पण तीच अकरा सेकंदं माझ्याबरोबर चारशे वेळा बघितलेल्या माणसाला सांगायचं काय राहतं?

मी नऊ वर्षांची होते. बाप पट्टा घेऊन आत, मी आत, कडी बाहेरून. बाहेर फक्त आई होती, कडेवर धाकटा. मी मेले नाही, एवढाच चित्रपटात आणि माझ्यात फरक. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "कडी आपोआप पडली." बत्तीस वर्षांत त्या वाक्यातला एक काना बदलला नाही. बाप मेला तेव्हा विचारलं, माझं लग्न मोडलं तेव्हा विचारलं, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारलं. आपोआप पडली. आमच्या घरात सगळं असंच, अळीमिळी गुपचिळी.

आणि ही बाई कशी, तर जिला चूक सहन होत नाही. बातम्या सांगणाऱ्या मुलीचे उच्चार ती घरात बसून सुधारते. दुकानदाराने बांधलेली पुडी सोडून परत नीट बांधते. डॉक्टरने तारीख चुकीची घातली तर खोडून वर सही मागते. जगातली प्रत्येक कडी तिला सरळ लागलेली हवी, ती एक सोडून.

अंधारात बसवून तिला ती अकरा सेकंदं दाखवायची होती. तिने एकदा म्हणायला हवं होतं की मी लावली. माफी नको होती मला. माफीचं काय लोणचं घालू? पण पडद्यावरची सावत्र केली असती तर आई सुटलीच की. ती तर सख्खी आहे. बघून म्हणाली असती, बाई वाईट होती हो.

"चित्र काढ," मी कात्रीला म्हणाले.

"आणि?"

"काळं टाक. अकराच्या अकरा सेकंदं. आवाज ठेव."

तो खुर्चीत फिरला. "आत्ताचा आवाज मेलेला आहे. चित्राच्या टेकूवर उभा आहे तो. एकट्याला उभं राहायचं तर दुसरी कडी लागेल."

आमचं घर केव्हाच पाडलं होतं, दार कुठल्या भंगारात गेलं कोण जाणे. मग आम्ही दोघं माईक घेऊन स्टुडिओतली दारं लावत हिंडलो. जिना, संडास, जनरेटरची खोली. शेवटी सामानाच्या खोलीची कडी निवडली. एकच आवाज, खट्, जाड आणि स्वच्छ. त्याआधी चित्रपटातल्या आईच्या चपलांची फटफट घातली, जी आधीपासून प्रेक्षकांनी ऐकलेली असते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला.

"ताई, आईला उद्या आणू नको असं वाटतंय मला."

"तिला यायचंय ना?"

"यायचंय. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बत्तीस वर्षं झाली. तू आता तिला हॉलमध्ये कोंडणार का?"

"हॉलला कडी नसते रे. मध्येच उठून जाता येतं. आण तिला."

दुपारचा खेळ. मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले. आई लिमलेटच्या गोळ्या घेऊन आलेली. पहिला खून झाला, तिने गोळीचा कागद सोडवला. बोटं शिवणयंत्राखाली गेली, तिने कडाकड गोळी फोडली. पुढच्या बाईने वळून तिच्याकडे बघितलं. टाकीतल्या काकाच्या वेळी ती धाकट्याला म्हणाली, "मेला केव्हाच हा. अजून कशाला दाबतोय?" तिचं बरोबर होतं.

मग पडदा काळा झाला. फटफट, फटफट. थांबली. खट्.

सगळ्या हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. आईच्या हातातला कागद वाजायचा थांबला. ती उठली नाही.

बाहेर जिन्यापाशी माणसं अडकत उतरत होती. "शेवटी मशीन बिघडलं वाटतं," एक जण म्हणाला. त्याच्याबरोबरची मुलगी म्हणाली, "बिघडलं काय? आईने लावली ना कडी." मी भिंतीला टेकून उभी होते. आई धाकट्याचा दंड धरून आली. चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याकडे न बघता सुरू झाली.

"सगळे पुटपुटत बोलतात. आणि ते टाकीतलं फार लांबवलंस."

"हो."

"ती इस्त्री बंद होती. दिवा लागलेला नव्हता तिचा."

"बरं."

"आणि कडी चुकीची आहे."

धाकटा म्हणाला, "आई, चल, गाडी लांब लावलीय."

"थांब रे. कडी चुकीची आहे. एकदम बसते ती. अशी नव्हती बसत. दार खाली उतरलेलं होतं आपलं. खांदा लावून वर उचलावं लागायचं, मग घुसायची. दोन आवाज यायला हवेत."

धाकट्याने तिचा दंड सोडला. हळूच, काठोकाठ भरलेल्या भांड्यावरचा हात काढावा तसा. ती दोन पायऱ्यांच्या मध्ये एकटी उभी राहिली आणि त्याच्याकडे बघू लागली. मग माझ्याकडे. आपण काय बोलून बसलो ते तिला कळायला किती वेळ लागला ते मी मोजत नव्हते.

"दुरुस्त करते," मी म्हणाले.

तिने कठडा धरला. एक पायरी उतरली, मग दुसरी.

"कर," ती खाली बघत म्हणाली. "चुकीचं नको राहायला."