परळची कॉलनी

दिल्लीहून आलेला हुकूम एका ओळीचा होता. ‘परळची कॉलनी महिनाअखेर बंद करून पूर्तता कळवावी.’ अनुजा तळपदेने तो दोनदा वाचला आणि दौलतला हाक मारली.

प्रयोगशाळेतला मदतनीस दौलत राऊळ हात पुसत आला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, ओठ हलवत ओळ वाचली आणि खुर्ची ओढून बसलाच.

“म्हणजे आमच्या खोल्या वाचल्या, मॅडम.”

“हो. खोल्यांचं काही म्हटलेलं नाही.”

“डासांवर निभावलं.” तो हसला, मग तिच्याकडे बघून त्याने हसू आवरलं.

डासांवर संशोधन करणाऱ्या त्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेत कॉलनी म्हणजे एकच. मागच्या उबदार खोलीतले जाळीचे पिंजरे आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले, मलेरियाच्या जातीचे पण रोगाचा स्पर्शही नसलेले डास. दौलतच्या आधी त्या जागेवर असलेल्या तात्यांनी त्यांचे पूर्वज गिरगावातल्या एका विहिरीतून आणले होते. म्हणून सगळे त्यांना गिरगावकर म्हणत. “गिरगावकर जेवले का?” हा तिथला सकाळचा नमस्कार होता. अनुजाही गिरगावातलीच, त्यामुळे दौलत तिला चिडवायचा, “मॅडम, तुमच्या घरचे लोक आज फार भुकेले आहेत हो.”

त्या विहिरीवर आता उंच इमारत उभी होती. बाहेरच्या डासांना तर कुठलं ना कुठलं औषध पचलेलं होतं. गिरगावकरांना मात्र औषध कधी लागलंच नव्हतं. बाहेर फवारलेलं औषध किती निकामी झालंय, हे मोजायचं तर बाजूला असा एक भाबडा डास लागतोच. नाहीतर तुलना करायची कशाशी? डेंग्यूच्या डासाची अंडी कागदावर वाळवून महिनोन्‌महिने ठेवता येतात. ह्यांची नाही. ह्यांना खाऊ घालत राहणं, एवढा एकच मार्ग होता.

खाऊ घालायला माणसं उरली नव्हती. इथे कोणी निवृत्त झालं की त्याच्याबरोबर त्याचं पदही घरी जाई. आधी ग्रंथपाल गेले, मग जीपचा ड्रायव्हर. ज्यांच्या रक्तावर डास पोसत त्या सशांची देखभाल करणाऱ्या कंत्राटी मुलीचं, जुईचं, कंत्राट पुढे वाढलं नाही. ती रडत गेली आणि मागोमाग ससेही दुसरीकडे गेले. प्रभारी संचालक दुसऱ्याच शहरात बसत आणि फोन उचलत नसत. डासांच्या माद्यांना रक्त तर हवंच. तेव्हापासून अनुजा स्वतःचा हात पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून आत घालून बसे. नियमात बसत नव्हतं, पण विचारायला होतं कोण? डोकं खाली, शेपूट वर, अशा तिरक्या त्या तिच्या मनगटावर बसत. पोटं लाल होऊन फुगली की एकेक जड होऊन उडे. घरी भाची रुचा तिचा हात बघून म्हणायची, “आत्या, तुला पगार देतात की तुझं रक्त घेतात?”

खोल्या म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची दुमजली चाळ. तिला सगळे क्वार्टर्स म्हणत. दौलत तिथे लग्नानंतर राहायला आला होता. गेली दोन वर्षं कुठलाही कागद आला की तो आधी क्वार्टर्सचंच विचारी.

अनुजाने मुदतवाढीसाठी मेल लिहिला. साध्या, नेमक्या शब्दांत. ‘ह्या कॉलनीतल्या कित्येक पिढ्या इथेच वाढल्या आहेत. बाहेर त्यांचा निभाव लागणार नाही. दुसरीकडे सोय होईपर्यंत मुदत मिळावी.’ दौलतने वाचून मान डोलवली. “डोळ्यांत पाणी येईल हो दिल्लीवाल्यांच्या.”

उत्तर चार दिवसांनी आलं. ‘पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने हक्क निर्माण होत नाही. मुदतवाढ नाही.’

“हक्क?” अनुजा म्हणाली. “डासांना हक्क?”

“टोमणा मारतायत, मॅडम. आपल्याला हसतायत ते.”

तिला तो टोमणाच वाटला. म्हणूनच तिने पुन्हा विचारलं नाही. दोन प्रयोगशाळांना मात्र फोन केले. दोन्हीकडून उत्तर आलं, वरून परवानगी आणा, मग घेऊ. परवानगी देणारे तर फोन उचलत नव्हते.

शेवटच्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे हात आत घातला.

“आज कशाला?” दौलत दारातून म्हणाला.

“उपाशी कशाला पाठवायचे?”

तिचा हात पिंजऱ्यात होता तेवढा वेळ तो उभा राहिला. मग दोघांनी एकेक पिंजरा उचलून फ्रीझरमध्ये ठेवला. झाकण लावताना आतून ती ओळखीची बारीक गुणगुण आली आणि थोड्या वेळाने यायची थांबली. अळ्यांच्या परातींत दौलतने उकळतं पाणी ओतलं. पाण्याकडे त्याने बघितलं नाही, अनुजाने बघितलं. कोणीतरी बघायला हवं असं तिला वाटलं. मग तिने दिल्लीला कळवलं, ‘परळची कॉलनी बंद केली आहे.’

पुढच्या आठवड्यात मालमत्ता विभागाचे हेमचंद्र वैद्य आले. मऊ बोलणारे, घाम पुसणारे गृहस्थ. चहा घेऊन म्हणाले, “तुमचा रिपोर्ट वेळेत आला, बरं वाटलं. बाकी ठिकाणी लोक कोर्टात जातात. चला, कॉलनी दाखवा.”

अनुजा त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. धुऊन पालथे घातलेले पिंजरे होते. हीटर बंद होता, खोली गार पडली होती.

“हे काय?”

“कॉलनी. होती ती.”

वैद्य पिंजऱ्यांकडे बघत राहिले. मग खिडकीपाशी गेले. बाहेर क्वार्टर्सच्या गच्चीत कपडे वाळत होते आणि दौलतची बायको यशोदा मिरच्या उन्हात पसरत होती.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “कॉलनी म्हणजे ती. स्टाफ कॉलनी. ती रिकामी केली असं तुम्ही कळवलंत ना?”

अनुजाला स्वतःचा मेल आठवला, शब्दन्‌शब्द. पिढ्या इथेच वाढल्या. बाहेर निभाव लागणार नाही. दिल्लीने टोमणा मारलाच नव्हता. दिल्लीने माणसांना नकार दिला होता, ती मात्र डासांसाठी भांडत होती.

“मग ह्यांना…” तिने पिंजऱ्यांकडे हात केला. “ह्यांना मारा असं कोणीच म्हटलं नव्हतं?”

“ह्यांचं आमच्याकडे कुणाला माहीतही नाही,” वैद्य म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

दारात दौलत उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

क्वार्टर्सना पंधरवड्याची सवलत मिळाली. त्यानंतर टेम्पो आला. दौलत नालासोपाऱ्याला मेव्हण्याकडे जाणार होता, डासच उरले नाहीत म्हणून अनुजाला फोर्टातल्या एका कचेरीत टपालाच्या आवक-जावकेवर बसवलं होतं. ती निरोप द्यायला आली तेव्हा संध्याकाळ होत होती. यशोदा टेम्पोत चढवलेल्या भांड्यांवर चादर बांधत होती. “बाई, च्या पन नाय देऊक गावला तुमका,” ती म्हणाली. “शेगडी खाली बांधली.”

दौलत रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसला होता. अनुजा शेजारी बसली.

“मी विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “एक फोन. कुठली कॉलनी, एवढंच.”

“मी पण नाही विचारलं.” तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. “तुम्हाला सुचलं नाही. माझ्या मनात आलं होतं, मॅडम. एकदा. पण म्हटलं, विचारायला जायचो आणि खोल्याच निघायच्या. डासांवर गेलं म्हणून मी गणपतीला नारळ फोडला होता.”

त्याच्यावर रागवायचं अनुजाच्या मनातही आलं नाही. त्याने कागद दाखवून विचारलं असतं, तरी खोल्या गेल्याच असत्या. फक्त मागच्या खोलीत गुणगुण राहिली असती.

दौलतच्या उघड्या हातावर एक डास येऊन बसला. दोघांनीही एकदमच मान वाकवली. दौलतने चष्मा कपाळावर चढवला, श्वास रोखला.

“सरळ बसलाय, तिरका नाही,” तो म्हणाला.

“हो. गटारातला.”

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, यशोदाने हाक मारली. दौलत उठला नाही. डास पोटभर पिऊन उडेपर्यंत तो हात तसाच धरून बसला.