सोनाबाईची हराळी

हेमंतातल्या कोवळ्या उन्हात मेंढरांच्या लोकरीचा उबट वास मिसळला, की सोनाबाई धनगरीण फाटकाशी आली हे मला न पाहताच कळे. रापलेला, प्रसन्न चेहरा. काचेच्या बांगड्यांची संथ किणकिण. आणि कुठेही पोचायचं नसल्यासारखी निवांत चाल.

रेल्वेची नोकरी संपवून आम्ही पूर्णेतच घर बांधलं, तेव्हा ह्यांनी अंगणात हराळीची हिरवळ लावली होती. पुढे पक्षाघाताने ते खिडकीपाशी खिळले आणि मला एवढंच म्हणाले, "हिला जप." मी जपली. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून पाणी दिलं. जी हराळी शेतकऱ्याला मारता मरत नाही, ती मी चार महिन्यांत मारून दाखवली! ते पिवळ्या अंगणाकडे पाहत बसत, एका शब्दाने बोलत नसत. ते न बोलणंच मला जास्त लागे.

मेंढरांसाठी पाणी मागायला आलेली सोनाबाई त्या वाळक्या गवतात उकिडवी बसली. तिने नुसतं ओढलं, तर अख्खा पुंजका हातात आला. खालची माती तिने हुंगली.

"वहिनी, लय पाणी पाजलं तुमी. काळी जमीन हाय, पाणी धरून ठेवती. मुळ्या सडल्यात. तहान लागू द्या की तिला."

तिच्या हातांना घाई ठाऊकच नव्हती. माती भेगाळेपर्यंत ती थांबली. मग खुरप्याने जमीन मोकळी केली, लेंडीखत चुरून पसरलं आणि बांधावरून आणलेल्या हराळीच्या काड्या एकेक करून रोवल्या. कोंब फुटले त्या सकाळी हे कित्येक महिन्यांनी खळखळून हसले, तिच्याकडे पाहून. त्यानंतर रोज उठल्याबरोबर एकच प्रश्न, "सोनाबाई आली का?"

माझा जळफळाट झाला, लपवू कशाला? आंघोळ मी घालायची, घास मी भरवायचा, आणि हसू मात्र तिच्या वाट्याला!

एक दिवस मी तिला दारातूनच सांगितलं, "आता माझं मी बघते, सोनाबाई. तू येऊ नकोस."

ती रागावली नाही, याचाही मला रागच आला. "बरं हाय, वहिनी. पाणी तेवढं बेतानं द्या," म्हणाली आणि कळप वळवून निघून गेली. ह्यांना मी सांगितलं, मेंढरं वालूरकडे गेली. ते तरीही विचारत राहिले, अगदी शेवटपर्यंत.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. हिरवळ दाट आहे, येणारेजाणारे माझ्या हाताचं कौतुक करतात आणि मी ते निमूट ऐकून घेते. थंडी पडली की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक धनगराला मी तिचा ठावठिकाणा विचारते. कारण त्यांचं ते हसू आम्ही दोघींनीच पाहिलं होतं. काळ माणूस नेतो, पण त्याच्या आठवणी थोड्या थोड्या सगळ्यांपाशी ठेवून जातो. माझ्या वाट्याच्या मी उराशी धरून बसले आहे, आणि तिच्यापाशी होत्या त्या मीच हाकलून दिल्या.